शिस्त रक्तात नसते, शिकवणीत असते

जपानमध्ये काही वर्षे राहून आलेला मराठी माणूस तेथील चालीरीतींविषयी बोलू लागला, की ऐकणाऱ्यांचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो : 'त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्याकडे हे होणे नाही.' हा अभिप्राय सोयीचा आहे, परंतु खरा नाही.

तेथील नित्याचे रिवाज पाहावेत. दुकानात पैसे विक्रेत्याच्या हातात न देता गल्ल्याजवळच्या छोट्या तबकात ठेवतात. रक्कम दोघांच्याही डोळ्यांसमोर राहते. लग्नाच्या आहेरात कोऱ्या करकरीत नोटा देतात. अंत्यविधीच्या वेळी द्यायच्या पाकिटात मात्र कोऱ्या नोटा टाळतात. जणू मृत्यूची वाट पाहत त्या आधीच आणून ठेवल्या होत्या, असे दिसू नये. या प्रत्येक रिवाजामागे समोरच्या माणसाचा विचार आहे, आणि तो लहानपणापासून शिकवला जातो. शाळेतील वर्ग व व्हरांडे तेथे विद्यार्थीच झाडतात. ज्याने स्वतः केर काढला आहे, तो सहसा केर टाकत नाही.

परंतु प्रौढ वयात तेथे गेलेल्याला हे कोणी शिकवायचे? टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई परिसरात अनेक भारतीय कुटुंबे राहतात. कोणत्या प्रकारचा कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, येथपासून नवागताची परीक्षा सुरू होते. नियम जपानी भाषेत असतात आणि चूक झाली की शेजारी दुरावतात. अशा वेळी दुवा लागतो. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक यांनी जपानमध्ये बँकिंग क्षेत्रातही काम केले, 2012 मध्ये तेथील नागरिकत्व घेतले आणि जपानी व परदेशी रहिवाशांमधील दुवा होण्याची भूमिका मांडून 2019 मध्ये एदोगावा विभाग सभेची निवडणूक जिंकली. 2023 मध्ये ते इबाराकी प्रांतातील एका सरकारी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. शिस्त रक्तातच असती, तर अंबरनाथच्या मुलाकडे जपानी शाळा सोपवली गेली नसती.

अर्थात, प्रत्येक रिवाज अनुकरणीय असतो असे नाही. बँकेच्या खात्यापासून सरकारी अर्जापर्यंत नाममुद्रेचा शिक्का उमटवण्याची तेथील प्रथा जुनी आहे. 2020 च्या महासाथीत निव्वळ शिक्क्यासाठी अनेकांना कार्यालय गाठावे लागले, तेव्हा सरकारी कामकाजातील शिक्क्याची बहुतेक सक्ती दूर करण्याचा निर्णय तेथील शासनाने घेतला. जो रिवाज माणसाऐवजी कागदाची सेवा करू लागतो, तो बदलावाच लागतो.

आपल्यासाठी यातला बोध दूरचा नाही. बेंगळुरूच्या शिवाजीनगरसारख्या वस्तीत, रसेल मार्केटच्या आसपास, कन्नड, तमिळ, उर्दू अशा कितीतरी भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. अशा ठिकाणी बँकेच्या काउंटरपाशी येणारा मराठी वा अन्य भाषिक ग्राहक अनेकदा निशी-कासाईतील नवागताइतकाच गोंधळलेला असतो. 'तो फलक वाचा' असे सांगून त्याला परत पाठवणे सोपे असते. भरणा पावती कशी भरावी, ओळखीचा कोणता कागद आणि कशासाठी लागतो, हे एकदा शांतपणे समजावणे थोडे कष्टाचे असते. ग्राहकांनीही रांगेतील पुढच्या माणसाच्या खांद्यावरून डोकावू नये, त्याचा व्यवहार पूर्ण होऊ द्यावा.

शिस्तीची अपेक्षा करणाऱ्याने आधी ती शिकवण्याची तयारी ठेवावी. मग 'आपल्याकडे हे होणे नाही' असे म्हणण्याची वेळ सहसा येणार नाही.