गोळी शाळेत, मुलगी फडावर

दिवाळी उलटली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-तांड्यांवर दारांना कुलपं दिसू लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. लेकरं आजीजवळ ठेवता आली तर ठेवतात, नाहीतर तीही कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, जातात. त्यात एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असली, तर अंधारातच चूल पेटवणं, पाणी आणणं आणि धाकट्यांना सांभाळणं तिच्याच वाट्याला येतं.

या मुलीसाठी सरकारची एक चांगली योजना आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी, शाळेत किंवा अंगणवाडीत. तिची गरजही मोठी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ५७ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. पण गोळी शाळेच्या कपाटात आणि मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या उसाच्या फडावर, अशी चार-पाच महिने गाठच पडत नाही. गाडीत भरलेल्या उसाचं वजन काट्यावर होतं, पावती निघते. मोळ्या वाहणाऱ्या मुलीचं वजन हंगामभर कोणी करत नाही.

पुढे लग्न. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल ठरते ती जोडीवर. मग मुलीला एकटीला मागे कुठे ठेवायचं ही आईची धास्ती आणि जोडीचा हिशेब मिळून अठराच्या आतच अक्षता पडतात. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांची लग्नं अशी लवकर झालेली होती. अंगणवाडीच्या वहीतून सहाव्या वर्षी निघालेलं नाव दवाखान्याच्या वहीत बहुतेकदा गरोदरपणीच चढतं.

तिच्या वयोगटातली, म्हणजे १० ते २४ वयाची, सुमारे १८० कोटी माणसं जगात आहेत. त्यांच्या मनाची आणि शरीराची चिंता मोठमोठ्या परिषदांत होते, आणि व्हायलाच हवी. पण काम कसं करायचं हे याच भागातल्या जामखेडनं जगाला दाखवलं आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं आणि त्या बायांनी बाळंतपणं, लसी, बाळांची वजनं आपल्या अंगावर घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या पुस्तकात या प्रयोगाला जागा दिली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजार जिथे आहे तिथलंच माणूस तयार करायचं, एवढा सरळ विचार त्यामागे होता.

तोच विचार आता ऊसतोड टोळीबरोबर फडावर गेला पाहिजे. टोळीतलीच एक बाई शिकवावी, तिच्याकडे गोळ्या, पॅड आणि वजनकाटा द्यावा, आणि या कामाचं मानधन द्यावं. गावच्या आशाताईंनी निघालेल्या मुलींची यादी कारखान्याकडच्या आशाताईंना कळवावी. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना कारखान्याकडून ही नोंदही मागावी. ते यंदाच्या हंगामातच सुरू व्हावं; आज पंधराची असलेली मुलगी पुढच्या हंगामात कोयता धरून उभी असेल.