पाऊणकीचा पाढा

दिवाळी अमावास्येला येते, हे सांगावयास शास्त्रीबुवांची गरज नाही. पण दिवाळीत समुद्राला उधाण असते, हे आपणां घाटावरच्या मंडळींपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल? आपण इकडे चकलीचा तुकडा मोडीत असतो, आणि तिकडे कोकणातल्या खाड्यांत पाणी पंधरवड्यातल्या सर्वांत मोठ्या उसळीला लागलेले असते. त्यातही गंमत अशी की, उधाणाचा कळस नेमका अमावास्येला होत नाही. तो एकदोन दिवस मागाहून, म्हणजे पाडवा-भाऊबीज या सुमाराला होतो. भावाला ओवाळावयाचा दिवस आणि खाडीपासून दूर राहावयाचा दिवस एकच!

हे सारे मी आज सांगत बसलो याला कारण आमच्या थेरगावची चार मुले. चौघेही माझ्या वर्गातून गेलेली. दोघे अजून शिकतात, एक चिंचवडला एका कचेरीत आहे, आणि चौथा चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर. या चौघांनी यंदा दिवाळीत कयाकमधून कोकणच्या खाड्या हिंडावयाचे ठरविले. कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमो लोकांची निमुळती होडी. ते ती सीलच्या कातड्याने मढवीत आणि तिच्यातून शिकारीला जात. हल्ली ती प्लॅस्टिकची मिळते, तिच्यावर पाय पसरून बसावयाचे, आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारावयाचे. दिसावयास सोपे. थेरगावात केजुदेवीच्या बंधाऱ्यामागे पवनेचे पाणी अडून राहते, त्या पाण्याकडे बघत लहानाचे मोठे झालेल्या पोरांना तर फारच सोपे.

पण पवना ही आपली नोकरदार नदी आहे. ती वाढते ती पाऊस पडला म्हणजे, किंवा पाटबंधारे खात्याने धरणातून पाणी सोडले म्हणजे, आणि त्याचीही आधी सूचना निघते. एरवी ती जलपर्णी पांघरून स्वस्थ पडलेली असते. सकाळी पूर्वेकडे आणि दुपारी पश्चिमेकडे वाहावयाचे, असला चाळा तिला ठाऊक नाही. खाडीचा मात्र तोच धंदा. दिवसातून दोनदा आत, दोनदा बाहेर. आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. आमच्या पट्ट्यात फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पाळ्या चालतात. पन्नास मिनिटे रोज सरकणारी पाळी कोणत्याही कारखान्याने अजून काढलेली नाही. काढली तर आमची मुले ओहोटीचे गणित आपोआप शिकतील.

मुलांचा बेत त्यांनी माझ्यापुढे नकाशा पसरून मांडला. भाऊबिजेला ओवाळून घ्यावयाचे काम आदल्या दिवशीच उरकून रात्री निघावयाचे, कोल्हापूरवरून घाट उतरावयाचा, आणि सकाळी मालवण तालुक्यात काळसे गावाजवळ कर्ली नदीत होड्या सोडावयाच्या. जेवण करून बारा-साडेबाराला निघाले की कांदळवनांच्या कडेकडेने तिनसाडेतीनपर्यंत देवबागला, म्हणजे थेट खाडीच्या मुखाशी. तिथून समुद्राने तारकर्लीवरून मालवण. दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रानेच तळाशिलाला वळसा घालून कालावलच्या खाडीत, आणि तिसऱ्या दिवशी आचऱ्याला. नकाशावर हे सारे वीतभर दिसते. "सर, फोनवर हवामानही बघितलंय," एकजण म्हणाला, "स्वच्छ ऊन आहे."

मी मराठीचा मास्तर. समुद्राशी माझे नाते पाठ्यपुस्तकातले, आणि दुसरे सासुरवाडीचे. सौभाग्यवतींचे मामा मालवणाकडचे. साठ वर्षे खाडीत काढलेला माणूस. बेत मी त्यांना फोनवर वाचून दाखविला. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "भावबीजेक तीन वाजता खाडीच्या मुखार? जावयबापू, परत घराक जावचा नसला, तर येवा म्हणून सांगा त्येंका."

मामांनी पंचांग उघडले नव्हते की फोनवरचे कोष्टक पाहिले नव्हते. त्यांच्यापाशी आहे तो पाऊणकीचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी हे शब्द आमच्या वर्गात आता मला शब्दार्थासह फळ्यावर लिहावे लागतात. पण मुंबईपासून खाली कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढतात ती त्याच पाऊणकीने. तिथीला पाऊणने गुणावे, येईल तितक्या वाजता मुंबईला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बारा. शुद्ध असो की वद्य असो, हिशोब तोच. आणि दुपारी भरती तशीच पहाटे-रात्रीही. मालवण दक्षिणेला, तिथे ती सुमारे तासभर आधी येते. पंधरावीस मिनिटांचा फरक पडतो, अष्टमीच्या आसपास थोडा अधिक. ज्याला मिनिट हवे त्याने छापील कोष्टक घ्यावे. पण बेत चुकीचा आहे की बरोबर, एवढे सांगावयास पाढा पुरतो.

आता भाऊबीज घ्या. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे मालवणला साडेबाराच्या सुमारास भरती पुरी. तिथून ओहोटी. सहा तासांत उतरणारे पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. बारा हिस्से केले तर पहिल्या तासाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्या-चौथ्याला ३-३, मग २ आणि १. म्हणजे अर्धे पाणी मधल्या दोन तासांतच, अडीच ते साडेचारच्या दरम्यान, बाहेर धावते. तेही उधाणाचे. आणि ते सारे देवबागच्या त्या अरुंद मुखातून. नवशिक्या माणसाचा कयाक संथ पाण्यात ताशी चारपाच किलोमीटर जातो. ओहोटीने एकदा मुखाकडे ओढले तर माघारी वळण्याइतके बळ त्याच्यात नाही. त्यातून दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. बाहेर जाणारे पाणी, आत येणाऱ्या लाटा आणि समोरून वारा, हे तिन्ही जिथे भेटतात तिथे मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. ऊन तेव्हाही स्वच्छच असते. आमच्या पोरांनी तीनसाडेतीनची वेळ कशी शोधून काढली कोण जाणे; मुद्दाम शोधली असती तरी इतकी अचूक सापडली नसती.

या मोसमात आणखी एक धास्ती असते. पावसाळा सरला की अरबी समुद्रात वादळे उठतात. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, 'क्यार' चक्रीवादळ किनाऱ्याला न लागता बाहेरून गेले, तरी देवबागेत घरांपर्यंत पाणी आले होते. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. तिथली माणसे वर्षभर पाण्याकडे एक डोळा ठेवून झोपतात.

इथे भाषेच्या मास्तराला एक कुरकुर करू द्या. 'उधाण' हा शब्द आमच्या मुलांना येतो. निबंधात उत्साहाला उधाण येते, आनंदाला येते, निवडणुकीच्या दिवसांत चर्चेलाही येते. पण उधाणाची जोडी ज्याच्याशी, तो 'भांग' शब्द वर्गात विचारला तर निम्मी मुले केसांकडे हात नेतात आणि उरलेली हसतात. सप्तमी-अष्टमीपासून दशमीपर्यंत चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत नसते, पाणी थोडे चढते, थोडे उतरते. त्याला कोळी भांगाची भरती म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, मालवणला दोन-अडीच मीटरच्या आसपास. भांगाला त्याहून पुष्कळ कमी. ज्यांना वल्हे मारून हिंडावयाचे त्यांचे दिवस हे. कामाचा शब्द गेला आणि शोभेचा राहिला.

मामांनी दिलेला बेत असा. अष्टमीला देवबागहून निघावे, काळशाहून नव्हे. अष्टमीला मालवणची भरती पाचला, म्हणजे ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास संपते. पाणी वळले की त्याच्या पाठीवर बसून वर जावे. जसजसे आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, म्हणजे पाणी तुमच्याबरोबरच चालते. संध्याकाळी कुठल्यातरी वाडीच्या धक्क्याला लागावे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पुन्हा भरती पुरी. उजाडल्यावर साडेसहाला निघाले की अकरापर्यंत ओहोटी आपण होऊन खाली आणते, आणि मुखाच्या बरेच अलीकडे, वारा सुटण्यापूर्वी, बाहेर पडता येते. समुद्राने जावयाचेच नाही. दुसरी खाडी हवी असेल तर होड्या टेंपोत घालून न्याव्यात. त्यात कमीपणा नाही. कोळीसुद्धा मासे टेंपोनेच पाठवितात!

आणि कांदळवनाच्या आत शिरावयाचे ते चढत्या पाण्यावर. उतरत्या पाण्यावर शिरलेला माणूस अर्ध्या तासात चिखलात बसतो, आणि तो चिखल मांडीपर्यंत घेतो. खाली उतरावे तर तिवरांची श्वासमुळे पेन्सिलींसारखी वर आलेली, आणि कांदळाच्या मुळांना कालवे चिकटलेली. कालवाच्या कडेने कापलेला पाय लवकर भरत नाही. मग सहा तास पाणी परत येईतो बसून राहावयाचे. पण वेळ साधली तर त्या आडव्यातिडव्या मुळांच्या कमानींखालून जाताना जे दिसते ते निराळेच. खंड्या, बगळे, नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब. पांढरी चिप्पी, जिला २०२० साली महाराष्ट्राने आपला कांदळवृक्ष म्हणून मान दिला, तिची फुले रात्री उमलतात आणि सकाळी पाण्यावर त्यांचे पांढरे केसर तरंगत असतात. मगरीचे भय कर्लीपेक्षा उत्तरेला, वाशिष्ठीत आणि सावित्रीत. तिकडे कयाक घेऊन मुळीच जाऊ नये. ज्यांना वल्हे न मारता हे सारे बघावयाचे असेल त्यांनी वेंगुर्ल्याला जावे. तिथे मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली; होडी त्या स्वतः वल्हवीत. मासे विकणाऱ्या घरांतल्या या बायका झाडांची नावे कुठल्याही प्राध्यापकापेक्षा अधिक जाणतात.

मुक्कामाचा प्रश्न राहिला. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या टोकाशी एव्हरग्लेड्स नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या कांदळवनांतून ९९ मैलांचा जलमार्ग आखला आहे, आणि कोरडी जमीन नाही म्हणून पाण्यातच खांबांवर लाकडी माच उभारले आहेत. परवाना काढावा, माचावर तंबू ठोकावा, झोपावे. मुलांनी हे फोनवर पाहिले होते आणि आपल्याकडे असे काही नाही म्हणून ती हळहळली. आपल्याकडे माच नाहीत, पण अंगणे आहेत. आधी निरोप पाठविला आणि रीतीने विचारले तर वाडीतले कोणी घर नाही म्हणत नाही; उलट रात्री आमटी-भात येतो. मात्र कांदळवनात तंबू ठोकू नये आणि जळणासाठी काटकीही तोडू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरची कांदळवने संरक्षित वने झाली आहेत. वाळूच्या बेटावर झोपणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, दुपारी भरती असेल तर मध्यरात्रीही असते. किनाऱ्यावर सुक्या पानांची आणि काडीकचऱ्याची ओळ दिसते, ती मागच्या मोठ्या भरतीची सही. तंबू तिच्या वर असावा. भाऊबिजेच्या रात्री आमची मंडळी त्या ओळीच्या खाली झोपली असती, तर एकच्या सुमारास जागी झाली असती.

बाकीची यादी छोटी. माणशी दिवसाला चार लिटर गोडे पाणी, कारण खाडीभर पाणी असून त्यातला घोटही पिण्याचा नाही. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. निघण्यापूर्वी मालवणच्या बंदर कार्यालयात कळविणे. आणि पोहणे. हे शेवटचे मी विचारले तेव्हा चौघांपैकी तिघे 'हो' म्हणाले आणि चाकणवाला खाली बघू लागला.

खरी अडचणही त्याचीच निघाली. इतर तिघांना अष्टमीला रजा मिळण्यासारखी. कंत्राटी कामगाराला दिवाळीची सुट्टी भाऊबिजेला संपते. पुढे जितके दिवस गैरहजर तितके दिवस पगार नाही, आणि परत गेल्यावर जागा असेल याची हमी नाही. भाऊबीज त्याच्यासाठीच धरली होती. तिघांनी त्याला सोडून जाण्याचे नाव काढले नाही, आणि त्याने मला विचारले, "सर, उधाणातच पण खाडीच्या आतल्या आत हिंडलं तर?" त्याची आई दाराशी उभी होती. ती मला म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल ते तो ऐकेल." अशा वेळी मास्तरकी फार जड होते. मी सांगितले, नाही. उधाण, न येणारे पोहणे आणि अनोळखी मुख, या तीन गोष्टी एका दिवसात बसत नाहीत.

पण पाऊणकीत एक सोय आहे, ती त्याच्या आधी मामांनाच सुचली. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून सुरू होते. कार्तिक शुद्ध अष्टमी गेली तर पंधरा दिवसांनी कार्तिक वद्य अष्टमी, आणि पाणी तेच, वेळा त्याच. फक्त संध्याकाळी चांदणे नसेल. चंद्र मध्यरात्री उगवेल. तेवढ्या दिवसांत चाकणवाल्याने दोन पाळ्या दुसऱ्याशी बदलून घ्यावयाच्या आणि साप्ताहिक सुट्टी त्याला जोडावयाची, म्हणजे पगार एकाच दिवसाचा जाईल. तो एक दिवस बाकीच्या तिघांनी वाटून घेतला आहे.

तेव्हा हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमाराला चौघेही थेरगावातच असतील. चाकणवाला सेकंड पाळीचा आहे, म्हणून पोहण्याच्या तलावावर सकाळची वेळ धरली आहे. परवा तो भेटला तेव्हा छातीइतक्या पाण्यात पाय सोडून तरंगावयास लागला होता. दशमीची भरती किती वाजता, असे मी त्याला मुद्दाम विचारले. त्याने बोटे मोजली आणि म्हणाला, "साडेसात. मालवणला साडेसहा."