आंबे, केळी आणि घाण्याचे तेल

सहावी-सातवीच्या मुलांसाठी निघणाऱ्या गाइडांवर या सदराचा राग जुना आहे; या आठवड्यात त्याला निमित्त मिळाले ते आंब्याचे. बीजगणिताच्या पहिल्याच पानावर ‘आं म्हणजे आंबा, के म्हणजे केळे, म्हणून ३आं आणि २के यांची बेरीज होत नाही’ असे ठसवणारी पुस्तिका नवी नाही, परंतु तिची दरवर्षी नवी आवृत्ती निघते, हे अधिक चिंतेचे आहे.

मूळ विषय थोडक्यात असा. ज्या संख्येची किंमत ठाऊक नाही किंवा जी बदलू शकते, तिच्या जागी लिहिलेल्या अक्षरास चल म्हणतात. ३क्ष + ५ + २क्ष − १ ही बैजिक राशी असून, तिच्यातील अधिक-उणे चिन्हांनी वेगळे झालेले भाग ही तिची पदे होत, आणि पदातील चलाला गुणणारी संख्या हा त्याचा सहगुणक होय. ज्या पदांत तेच चल त्याच घाताने येते ती सजातीय पदे. त्यांच्या सहगुणकांची बेरीज-वजाबाकी करून वरील राशीस ५क्ष + ४ हे सरळ रूप मिळते, आणि तेथेच थांबायचे असते. प्रत्येक गणिताचे उत्तर म्हणजे एकच आकडा, अशी अंकगणिताने सवय लावलेला विद्यार्थी मात्र पुढे जाऊन ९क्ष लिहितो.

फळांच्या युक्तीने ही एवढी बेरीज सुटते, आणि नेमके तेच घातक ठरते; कारण पुढच्या इयत्तेत क्ष चा वर्ग आला की आंब्याचा वर्ग कसा करावा, आणि आंब्याला केळ्याने गुणल्यास शिकरण होते की आणखी काही, याचे उत्तर गाइडाजवळ नसते. अक्षर हे वस्तूचे नाव नसून संख्येचे स्थान आहे, ही गोष्ट एकदा निसटली की ती सहजी हाती लागत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या नवागत विद्यार्थ्यांना ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे समीकरणात लिहावयास सांगितले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक जण चुकले, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी वि = ६प्रा याऐवजी ६वि = प्रा असे उलटे लिहिले.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातील आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात फळे घेतली नाहीत, रंग घेतले. पहिली अव्यक्त राशी यावत्तावत्, आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक. यांची आद्याक्षरे या, का, नी अशी लिहून त्यांच्यापुढे सहगुणक मांडावयाचा, ज्ञात संख्येस रू म्हणजे रूप म्हणावयाचे आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यावयाचे, अशी ती रीत होती. समान जातीच्या राशी मिळवाव्यात आणि भिन्न जातीच्या वेगळ्या ठेवाव्यात, हा नियम तेथे आहेच. शिवाय दोन भिन्न अव्यक्तांच्या गुणाकारास ‘भावित’ असे स्वतंत्र नाव असल्यामुळे शिकरणीचा प्रश्न उद्भवतच नाही.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. मुख्य मजकूर संस्कृतात असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, कारण ते दान ज्यांच्याकडून वसूल व्हावयाचे ते व्यापारी आणि तेली संस्कृत वाचणारे नसावेत. त्यात सुपारीसारखी किरकोळ येणी आहेत, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल मठास द्यावे, असेही आहे. घाण्यांची संख्या लेखात नाही, ती असण्याची गरजही नव्हती. तिला घ म्हटले की मठाचे तेल घ पळ्या, आणि एखाद्या वर्षी दोन घाणे बंद पडले तर घ − २, ज्यासाठी पाथरवटाला पुन्हा बोलावण्याचे कारण नव्हते.