शांत घर आणि खरा शब्द

दिवाळीच्या अथवा मे महिन्याच्या सुटीत सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडील अनेक व्यापारी कुटुंबे आठ-दहा दिवसांकरिता मुंबईस जातात. पूर्वी त्यांचा मुक्काम नातलगांकडे किंवा धर्मशाळेत असे. सी. पी. टँकजवळील हिराबाग ही दानवीर माणिकचंद हिराचंद यांची धर्मशाळा कित्येकांच्या वडीलधाऱ्यांना परिचित आहे. अलीकडे मात्र आजी-आजोबा, मुले, सुना, नातवंडे असे सात-आठ जण एकत्र निघाले की स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेण्याकडे कल दिसतो. त्यामागील कारण केवळ सुखसोय नव्हे. पाणी गाळून घेता येते, कंदमूळ वर्ज्य ठेवता येते आणि मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळत असला तरी त्यापूर्वी घरचे भोजन उरकता येते.

उरतो प्रश्न शांततेचा. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे, म्हणजे दोन घटिकांचे. तेवढा वेळ पहाटे निवांत मिळाला नाही, तर वृद्धांच्या दृष्टीने सारा प्रवास अपुरा राहतो.

जाहिरातीत प्रत्येक घर ‘शांत’ असते. व्यापारी माल पारखून घेतो. शांतताही तशीच पारखावी. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती अनुक्रमे 65 व 55 आहे. दहा डेसिबलचा फरक आकड्यात किरकोळ वाटला, तरी ध्वनीची तीव्रता तेवढ्याने दहापट होते. म्हणून काळबादेवी किंवा भुलेश्वरसारखी बाजारपेठ मंदिराला आणि दुकानांना जवळ असली, तरी मुक्कामासाठी विचार करून निवडावी. मालकाला नेमके प्रश्न विचारावेत. शयनगृहाच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत की मागील बाजूस? रेल्वेमार्ग किती दूर आहे? शेजारी मंगल कार्यालय आहे काय? जुन्या इमारतींचा पुनर्विकास सर्वत्र चालू असल्याने लगतच्या भूखंडावर खोदकाम तर चालू नाही ना? मुंबईत राहणाऱ्या एखाद्या आप्ताने रात्री दहानंतर तेथे जाऊन अर्धा तास थांबावे, हे सर्वांत उत्तम.

पैशांची बाजूही तितकीच महत्त्वाची. केवळ छायाचित्रे पाहून आगाऊ रक्कम पाठवू नये. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे भरताना खातेदाराचे नाव आधी पडताळण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 एप्रिल 2025 पासून बँकांनी द्यावयाची आहे. खात्यावरील नाव आणि घरमालकाचे नाव जुळत नसेल, तर तेथेच थांबावे. ‘अनामत परत घेण्यासाठी पिन टाका’ असे कोणी सांगितले, तर ती फसवणूक समजावी. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

याहून नाजूक बाब पुढे आहे. काही मालक किल्ली देताना हळूच सांगतात, “वॉचमनने विचारले तर आमचे नातेवाईक आहोत असे सांगा.” याचा अर्थ बहुधा असा, की सोसायटीला अंधारात ठेवले आहे आणि करारही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडे अथवा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदलेले घर मिळाल्यास नोंदणीचा कागद पाहून घेता येतो. कागदच नसेल, तर सोसायटीने हरकत घेतल्यावर वृद्धांसह रात्री नवे छप्पर शोधण्याची वेळ येऊ शकते.

परंतु व्यवहाराच्या जोखमीपेक्षा मोठी हानी वेगळी आहे. सत्य हे श्रावकाच्या अणुव्रतांपैकी एक. फाटकाशी आजोबांनी ‘आम्ही नातेवाईक’ म्हणायचे आणि वर जाऊन सामायिकास बसायचे, हे नातवंडे पाहत असतात. चार-पाच हजार रुपये वाचवून मुलांना असत्याचा पहिला धडा दिला, तर तो सौदा कोणत्याही वहीत नफ्यात दिसणार नाही. असे घर कितीही निवांत असले तरी सोडून द्यावे.

आणि घर रीतसर मिळाले, तरी ती इमारत हॉटेल नव्हे. तेथील रहिवाशांनाही सकाळी कामावर जायचे असते. रात्री दहानंतर मुलांची धावपळ, जिन्यातील मोठ्याने बोलणे, दाराची आदळआपट टाळावी. ज्या कुटुंबाला शांतता हवी, त्याने ती शेजाऱ्यालाही द्यावी. अशा कुटुंबाला पुढील सुटीत तेच घर मालक आनंदाने देतो आणि सोसायटीही हरकत घेत नाही.