बसक्या मोटारी, निजलेला कायदा

नाशिकहून म्हसरूळ मागे टाकून दिंडोरीकडे निघालेल्या प्रवाशास रामशेजचा किल्ला दिसू लागतो, तेव्हाच या रस्त्यावरील वाहनांचे दोन पंथही त्याच्या नजरेस पडू लागतात. द्राक्षांच्या हंगामात क्रेटांनी भरलेली पिकअप समोरून येते. पेलण्याहून अधिक भार वाहता यावा म्हणून तिच्या मागच्या चाकांवर कारखान्याने दिलेल्या पाट्यांखेरीज आणखी एकदोन पाटे चढविलेले असतात. तिच्या मागोमाग एखादी छोटी मोटार येते. जमिनीला चिकटून धावण्याचा रुबाब यावा म्हणून तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसविलेल्या असतात, किंवा मूळच्याच कापून आखूड केलेल्या असतात. एकाचा हेतू पोटाचा, दुसऱ्याचा हौसेचा. परंतु कारखान्याने हिशेबाने बसविलेल्या एका भागाशी दोघांनीही मनास येईल तसा खेळ केला, हे समान आहे. आणि दोघांकडेही सरकारचे डोळे सारखेच मिटलेले आहेत, हे त्याहून अधिक समान आहे.

मोटार बसकी करण्याचे हे वेड मुंबई-पुण्याच्या वेशी ओलांडून आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेले दिसते. त्यावर नाके मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यात सामील होण्याची आमची इच्छा नाही. हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात, आणि स्वकष्टाच्या पैशाने घेतलेली मोटार आपल्या आवडीप्रमाणे सजविण्याचा तरुणांचा हक्क आम्ही मानतो. पण या हौसेचे मोल हौशी माणसाने स्वतःच चुकवावे. ते रस्त्याच्या कडेने दूध घेऊन चाललेल्या सायकलस्वाराने किंवा शाळेतून परतणाऱ्या मुलाने चुकवू नये, एवढीच आमची अट आहे. म्हणूनच हा प्रश्न गॅरेजातला न राहता सार्वजनिक होतो.

स्प्रिंग ही वस्तू करते तरी काय? जेवढा भार तेवढा ताण, हा तिचा नियम रॉबर्ट हुक याने १६७८ साली ग्रंथरूपाने मांडला. मोटारीत तिचे काम दुहेरी असते. रस्त्याचा धक्का आत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचू न देणे हे पहिले, आणि चाक रस्त्यास सतत टेकलेले ठेवणे हे दुसरे. पहिल्या कामाची आठवण कंबर करून देते. दुसऱ्या कामाची आठवण मात्र ब्रेक दाबल्यावरच होते. कारण हवेत उडालेले चाक ना गाडी थांबवू शकते, ना वळवू शकते.

गाडी खाली आणण्यात काहीच तथ्य नाही, असे मात्र कोणी समजू नये. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितका वळणावर एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर जाणारा भार कमी. साध्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ५५० मिलिमीटरवर असतो असे धरले, तर गाडी ३० मिलिमीटर खाली आणल्याने हा भार पाच-साडेपाच टक्क्यांनी घटतो. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर एवढा लाभही मोठा असतो. पण तो पदरात पडण्यास स्प्रिंग आखूड असण्याबरोबरच बेताने ताठ असावी लागते, तिला जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर लागतात आणि चाकांचे कोन नव्याने जुळवून घ्यावे लागतात. पुढच्या चाकांची जी रचना आज बहुतेक छोट्या मोटारींत असते, तिच्यात गाडी प्रमाणाबाहेर खाली आणली तर खालच्या दांड्यांचा उतार उलटा होतो, आणि कलणे कमी होण्याऐवजी वाढूही शकते. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला, तेच हातचे जाते.

आता या शास्त्राची दुकानदारी पाहा. चांगल्या स्प्रिंगांचा संच महाग पडतो, म्हणून मूळच्या स्प्रिंगेचे एखादे वेटोळे चकतीने कापून टाकण्याचा स्वस्त मार्ग निघतो. पाच कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापले, की स्प्रिंगेचा ताठरपणा सव्वापट होतो. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुन्या हिशेबाचेच राहतात. खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेले की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते, आणि परत बसताना नेमकी जागेवर बसेल याची हमी कोणी द्यावी? काही ठिकाणी तर स्प्रिंग तापवून बसकी करतात. म्हणजे कारखान्याने पोलादास दिलेले पाणी दहा मिनिटांत उतरवितात. मागची बाजूच तेवढी खाली आणली तर पुढचे दिवे वर रोखले जातात, आणि रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हा समोरचा मनुष्य त्या हौसेत कोठेही सामील नव्हता.

आणि हे सारे कोणत्या रस्त्यांवर? आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींच्या पोटाखाली रिकाम्या अवस्थेत १६० ते १७० मिलिमीटर जागा असते. त्यातून ४० मिलिमीटर वजा केले, पाच माणसे बसविली, की राहिले काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे प्रमाणबद्ध गतिरोधकावरूनही बसकी मोटार जेमतेमच पार होणार. आणि आपल्या गावोगावचे गतिरोधक प्रमाणबद्ध आहेत, असे छातीवर हात ठेवून म्हणणारा अभियंता आम्हांस भेटावयाचा आहे! ना पट्टे, ना फलक, ना उतार. एका रात्रीत उभा राहिलेला डांबराचा बांध म्हणजे गतिरोधक, अशी आपली व्याख्या. तो चुकविण्यासाठी बसकी मोटार ऐन वेळी रस्त्याच्या कडेस वळते, आणि कडेला माणसे चालत असतात. मालकाच्या अविचाराइतकाच हा बांधकाम खात्याचाही अविचार आहे.

मग कायदा काय म्हणतो? कायदा फार कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून या मनाईवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. कागदावर याहून अधिक काय हवे?

पण खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात धुराच्या तपासणीखेरीज ती कोणत्याही सरकारी परीक्षेस बसत नाही. स्प्रिंग धूर सोडत नाही. म्हणून ती सुटते. इंग्लंडात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोटारीच्या स्प्रिंगा, ब्रेक, दिवे तपासले जातात. आपल्याकडे एखाद्या आठवड्याची धडक मोहीम होते, छायाचित्रे छापून येतात, आणि पुढच्या सोमवारी सारे पूर्ववत होते. गुन्ह्याची शिक्षा जबर आणि गुन्हा पकडण्याचे साधन शून्य, अशा कायद्याचा धाक सज्जनांनाच वाटतो.

त्याहून मोठा दोष असा, की ही सरसकट मनाई बऱ्यावाईटाचा भेद करीत नाही. नामांकित कारखान्यात तयार झालेला, कसोटीस उतरलेला संच आणि कोपऱ्यातल्या गॅरेजात चकतीने कापलेली स्प्रिंग हे दोन्ही तिच्या लेखी सारखेच अपराध आहेत. दोन्ही अपराध सारखेच असतील, तर हौशी मनुष्य स्वस्त अपराध निवडणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जर्मनीने निराळी वाट धरली. तेथे बदलाच्या स्प्रिंगेस परीक्षकाचा अहवाल लागतो. ती बसविल्यावर गाडी तपासून घ्यावी लागते. आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. नोंद नसेल तर गाडीचा परवानाच धोक्यात येतो. उलट कॅलिफोर्नियाने १९५८ साली बसक्या मोटारींवर कायद्याने बंदी घातली, तेव्हा तेथील मेक्सिकन वंशाच्या हौशी तरुणांनी पंपाने गाडी हवी तेव्हा वरखाली करण्याची युक्ती काढून बंदीच हास्यास्पद ठरविली. अखेर २०२३ साली त्या राज्याने नवा कायदा करून ते निर्बंध उठविले. बंदीने कल्पकता वाढली. सुरक्षितता वाढली नाही.

जर्मन वाटेने जाण्यास आपल्या कायद्यात दारही आहे. २०१९ च्या सुधारणेने ५२ व्या कलमास जोडलेल्या परंतुकानुसार बदलांच्या मंजुरीसाठी विनिर्देश आणि अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. कसोटी घेणारी संस्था शोधण्यास दूर जावे लागत नाही. वाहनांच्या नमुन्यांची परीक्षा करणारी ए.आर.ए.आय. १९६६ पासून पुण्यातच आहे. कोणती स्प्रिंग कोणत्या गाडीस, किती मिलिमीटरपर्यंत आणि कोणत्या शॉक ॲब्सॉर्बरसह चालेल, हे तिने एकदा सांगावे. परिवहन कार्यालयाने गाडी तपासून दाखल्यावर तशी नोंद करावी. कापलेल्या आणि तापविलेल्या स्प्रिंगेस मात्र क्षमा असू नये, आणि दंडाची पावती मालकाबरोबर ती कापणाऱ्या गॅरेजच्या नावेही फाटावी. हाच न्याय पिकअपच्या जादा पाट्यांना लागू व्हावा. शहरी तरुणाच्या मोटारीवर शिट्टी फुंकावयाची आणि ओझ्याने वाकलेल्या गाडीस हंगाम आहे म्हणून हात दाखवून सोडावयाचे, ही दयाबुद्धी नव्हे. अतिरिक्त भाराने ब्रेकचे अंतर वाढते, ते हंगाम पाहून वाढत नाही.

दिंडोरीच्या बागाईतदारास आम्ही स्प्रिंगेचे महत्त्व शिकवावे असे नाही. वर्षभर जपलेला घड शेवटच्या दहा मैलांच्या धक्क्यांनी मणीगळ होऊन हातचा जातो, हे तो पुरते जाणतो. म्हणूनच क्रेटात कागद घालतो आणि चालकास सावकाश जावयास बजावतो. द्राक्षाच्या मण्यास आपण देतो ती काळजी त्याच रस्त्यावरून चालणाऱ्या माणसास द्यावी, एवढेच मागणे आहे. तरुणांनी हौस जरूर करावी, पण चकतीखाली स्प्रिंग धरण्यापूर्वी ती कोणाकोणाचा भार पेलते याचा विचार करावा. आणि सरकारने शिक्षेचे आकडे वाढविण्याआधी तपासणीचा एक मनुष्य रस्त्यावर उभा करावा. मोटार चार बोटे खाली आली तर ती पुन्हा वर करता येते. कायद्याची पत एकदा खाली बसली, की ती उचलणारी स्प्रिंग कोणत्याही गॅरेजात मिळत नाही.