वाटा हवा, तोटा नको?

गेल्या सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर आमच्या चर्चच्या आवारात एक छोटीशी सभा झाली. सभा कसली, आंब्याखाली जमलेली पंधरावीस माणसे. विषय भाजीचा होता. आमच्या धर्मग्रामातील बावीस कुटुंबांनी मे महिन्यात गावातल्याच एका वाडीवाल्याकडे हंगामाचे पैसे आगाऊ भरले होते, कुटुंबामागे सहा हजार रुपये. त्या बदल्यात जुलैअखेरपासून दर शनिवारी वाडीत जे निघेल त्याचे बावीस समान वाटे व्हावेत आणि ज्याने त्याने आपली टोपली उचलून न्यावी, असे ठरले होते. जुलैतल्या पावसाने मांडवावरचे वेल झोडपले. वाडीत आठ दिवस पाणी तुंबून राहिले. शिराळी आणि काकडी मुळाशी कुजली. बी दुसऱ्यांदा टोकावे लागले. ऑगस्टभर टोपलीत अळू, केळफूल, हिरवी केळी, शेवग्याचा पाला आणि फार तर एखादा नारळ एवढेच येत राहिले. सभेत एका सद्गृहस्थांनी, आवाज तसूभरही न चढवता, जे वाक्य उच्चारले ते मी घरी येऊन वहीत टिपून ठेवले : ‘‘आपण पैसे मोजले आहेत. त्याने माल द्यावा, नाहीतर पैसे परत करावेत.’’ काही माना डोलल्या आणि त्याच आठवड्यात सात कुटुंबे बाहेर पडली.

त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. ते सज्जन आहेत, चर्चच्या प्रत्येक कार्याला त्यांचा हात लागतो. माझे भांडण त्यांच्या वाक्याशी आहे, कारण ते वाक्य आज वसईतल्या घराघरात बोलले जाते आणि कोणालाही त्यात काही गैर वाटत नाही.

दुकानाच्या फळीसमोर उभे राहून हे वाक्य उच्चारले तर ते न्यायाचेच आहे. पण मे महिन्यात आम्ही दुकानात गेलो नव्हतो. तेव्हा भाजी अस्तित्वातच नव्हती. होते ते बी, शेणखत, मांडवाचे बांबू आणि एका माणसाच्या चार महिन्यांच्या श्रमाचा अंदाज. आम्ही त्या हंगामाचे वाटेकरी झालो होतो. पीक आले तर त्यातला बाविसावा हिस्सा आमचा, आणि पीक बुडाले तर बुडाल्याचा बाविसावा हिस्साही आमचाच, हा त्या सहा हजारांचा अर्थ होता. यातला पहिला अर्धा भाग आम्हांला तोंडपाठ होता. दुसरा अर्धा आम्ही पावसाने शिकवेपर्यंत ऐकलाच नाही.

ज्यांच्या घरी आता वाडी उरलेली नाही, अशा वाचकांसाठी हा व्यवहार एरवी कसा चालतो ते सांगायला हवे. पावसाळी भाजीचा खर्च पीक हाती येण्याआधी दोन-तीन महिने होतो. बियाणे, खत, मांडव बांधणाऱ्यांची मजुरी, मोटारीची दुरुस्ती, सगळे रोख. शेतकऱ्याच्या हाती रोख नसते, म्हणून तो दलालाकडून उचल घेतो. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो. भाजी रात्री टेम्पोत चढते, पहाटे विकली जाते, आणि ती काय भावाने गेली हे शेतकऱ्याला नंतर पट्टी हातात पडल्यावर कळते. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होऊन जे उरेल ते त्याचे. दुधी काही साठवून ठेवता येत नाही; ‘आज भाव नाही, उद्या विकीन’ असे म्हणण्याची चैन भाजीवाल्याला नाही. राज्य शासनाने २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकाकडे जाण्याची वाट कायद्याने मोकळी झाली. पण वाट मोकळी झाली म्हणून बियाण्याचे पैसे कोठून येतात? ते दलालच देत होता, दलालच देत राहिला. आगाऊ पैसा देणे म्हणजे काहीतरी नवे, परदेशी खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आगाऊ पैसा नेहमीच दिला जात आला आहे. कोकणातल्या आंब्याच्या बागा फळ धरण्याआधीच व्यापाऱ्याच्या ताब्यात जातात त्या याच पैशापायी. प्रश्न इतकाच आहे की तो पैसा कोण देतो आणि बदल्यात काय मागतो.

बाहेरच्या जगात याला रीतसर रूप आले ते जपानात. १९७१ साली तेथे सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि कीटकनाशकांना व औद्योगिक विषाला धास्तावलेल्या शहरी गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार करण्यास आरंभ केला. या नात्याला ते ‘तेइकेइ’, म्हणजे सहकार्य, हातमिळवणी, असे म्हणतात. १९७८ मध्ये त्याची दहा तत्त्वे ठरली. पिकेल ते सगळे ग्राहकांनी घ्यायचे हे त्यांतलेच एक तत्त्व. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ अशीच एक वाडी उभी राहिली आणि १९८६ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर राज्यांत दोन शेतांवर हंगामाचे वाटे विकले गेले. तेथून ही पद्धत हजारो शेतांवर पसरली. सगळीकडे ती गुण्यागोविंदाने नांदली असे समजण्याचे कारण नाही. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर वर्षानुवर्षांच्या ग्राहक-कुटुंबांपैकी काहींनी शेतकऱ्यांची साथ सोडली. त्यांना अणुकिरणांचे भय होते. आम्हांला अळूचे होते.

मला मात्र यासाठी जपानला जावे लागत नाही. माझी आई पहाटेच्या गाडीने दोन पाट्या घेऊन दादरला जात असे. तिची गिऱ्हाइके बांधलेली होती. त्यांतल्या एक वृद्ध बाई पावसाळा लागण्यापूर्वी तिच्या हातात पन्नास रुपये ठेवीत आणि म्हणत, ‘‘बियाण्याला घे गं, भाजीत फेडशील.’’ एका वर्षी आई आजारी पडली आणि दीड महिना दादरला गेलीच नाही. बरी होऊन गेली तेव्हा ती पन्नासांचा हिशेब मनात जुळवीत होती. त्या बाईंनी तो विचारला नाही. आधी तिला बसवून चहा दिला. आई हे सांगताना नेहमी चहापाशी थांबायची.

आता एक कटू गोष्ट लिहितो. आमच्याच आवारातून बाहेर पडलेल्या सातांपैकी निदान तीन कुटुंबांनी इमारतीत घर नोंदवले आहे. पायाचा खड्डाही खणलेला नसताना त्यांनी बिल्डरच्या हाती लाखोंची रक्कम दिली. ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही. वर्ष गेले, दुसरे गेले. हप्ते चालू आहेत. आंब्याखाली सभा भरवून ‘माल द्या, नाहीतर पैसे परत करा’ असे त्या बिल्डरला कोणी ऐकवल्याचे मला ठाऊक नाही. तेथे आपण समंजस होतो. ‘परवानग्या अडकल्या असतील,’ असे म्हणतो. वाळू, सिमेंट आणि महानगरपालिका यांच्या अडचणी आपल्याला समजतात. पावसाची अडचण समजत नाही. आणि ती इमारत कोठे उभी राहते आहे? बावखल बुजवून सपाट केलेल्या कोणाच्या तरी वाडीतच ना?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. २०२४ च्या जुलैत फादर गेले. त्या मोर्चांत मी चाललो आहे, आपल्यापैकी अनेक जण चालले आहेत, आणि ते चालणे फुकट गेले असे मी म्हणणार नाही. परंतु आपण नकाशावरचा हिरवा रंग वाचवायला निघालो आणि तो रंग ज्याच्या कष्टाने उमटतो त्या माणसाच्या मिळकतीकडे पाहायला विसरलो. वाडी हिरवी ठेवा असे शेतकऱ्याला सांगायचे, आणि स्वतः मात्र नाक्यावर ट्रकने आलेली भाजी दोन रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून तीच घ्यायची! मग त्याने जमीन विकली की ‘पूर्वजांची माती विकली’ म्हणून हळहळायला आपण मोकळे. आरक्षणाने फार तर बांधकाम थांबते, शेती होत नाही. वसईत बिल्डरला न विकलेल्या पण दहा-दहा वर्षे पडीक असलेल्या वाड्या किती आहेत, ते सायकलवरून एक चक्कर मारून पाहावे.

खरेदी हे निव्वळ आर्थिक नसून नैतिक कृत्यही आहे, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात सांगितले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. आपण १ सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना करतो. यंदा आमच्याकडे ती फार सुंदर झाली, वेदीपुढे भाज्यांची आरासही होती. टोपल्या परत गेल्या त्या दोनच आठवड्यांनी.

काही जण माझ्या बाजूने बोलतात आणि तेच मला अधिक खटकते. ‘बिचारा गरीब शेतकरी, सहा हजार गेले तर गेले, दानधर्म समजू,’ असे ते म्हणतात. आमचा वाडीवाला भिकारी नाही. दान देणारा वर उभा राहतो आणि घेणारा खाली. दान द्यायचे की नाही ते दरवर्षी देणाऱ्याच्या लहरीवर ठरते. वाटेकरी बरोबरीने बसतो, हिशेब मागू शकतो आणि त्याला शिव्याही देऊ शकतो. आम्ही वाडीवाल्याकडून हिशेब मागितला पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे. बियाण्यावर किती, मजुरीवर किती, फवारणी केली की नाही, केली तर कशाची, हे त्याने वहीत लिहावे आणि वही कोणत्याही शनिवारी उघडी असावी. टोपली भरलेली दिसावी म्हणून त्याने बाजारातून चार जुड्या आणून त्यात घातल्या, तर तो आपल्याला फसवील आणि स्वतःलाही. ऑगस्टमध्ये तसे करणे त्याला सहज शक्य होते. त्याने अळू दिले. त्या अळूत जो प्रामाणिकपणा होता तो आमच्या जिभेला रुचला नाही, एवढेच.

मुलांना अळू आवडत नाही, ही तक्रारही सभेत निघाली. यावर काय बोलावे? वाडवळ असोत, सामवेदी असोत की कोळी, पावसाळ्यात जे उगवते ते रांधण्याचे ज्ञान आपल्या आज्यांना होते. केळफूल सोलून, चिरून, रात्रभर ताकाच्या पाण्यात भिजत ठेवायचे असते, हे आमच्या सूनबाईंना फोनवर विचारून घ्यावे लागले. विचारले, शिकल्या, आता उत्तम करतात. श्रम पडतात, हे मान्य आहे. नोकरी करून आलेल्या बाईने केळफूल सोलत बसावे असे म्हणणाऱ्या पुरुषाने आधी स्वतः चिकाने हात काळे करून पाहावेत; मी पाहिले आहेत.

एका आक्षेपापुढे मात्र मी निरुत्तर झालो होतो. तो चाळीत भाड्याने राहणाऱ्या एका भगिनीने घेतला. ‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘सहा हजार एकदम भरायला आमच्याकडे असते तर आम्ही ट्रकची भाजी घेतली असती का? आणि ऑगस्ट कोरडा गेला तर तुम्ही बाजारातून आणाल, आम्ही काय खायचे?’’ तिचे खरे आहे. तोटा सोसायलाही गाठीला काही असावे लागते. ज्यांच्या गाठीला आहे, त्यांनीच नेमके अंग काढून घेतले, हा या प्रकरणातला विपर्यास. पुढच्या हंगामात तिच्यासारख्या कुटुंबांनी दरमहा हजार भरावेत, आणि ज्यांना जमेल त्यांनी सात हजार भरून त्या फरकाची जोखीम उचलावी, असे मी सुचवले आहे. अमेरिकेतल्या काही शेतांवर पैशांऐवजी आठवड्याचे काही तास काम करूनही वाटा मिळतो. आपल्याकडे ते रुजेल का, याविषयी मला शंका आहे. पैसेवाले वाडीत येणार नाहीत आणि गरीब मजूर ठरतील, असे होण्याचा धोका मला दिसतो. त्या भगिनीचे पूर्ण समाधान झाले नाही.

उरलेल्या पंधरा कुटुंबांना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुधी, पडवळ आणि दुसऱ्या पेरणीची शिराळी मिळाली. टोपली जड होती, कारण बाविसांची भाजी पंधरांत वाटली गेली. वाडीवाल्याला मी विचारले, बाहेर पडलेल्यांना पैसे परत देणार का? तो म्हणाला, ‘‘मास्तर, अर्धे देतो म्हणून कळवलंय. बाकीचे मातीत गेलेत, ते कुठून काढू?’’ तो अर्धा परतावा देण्यासाठी त्याने पुन्हा दलालाकडूनच उचल घेतली आहे, हे मला त्याच्या पत्नीकडून कळले.

हिवाळी हंगामाचे वाटे आता भरायचे आहेत. वांग्याची रोपे गादीवाफ्यावर बोटभर झाली आहेत, वाल भाताच्या कापणीनंतर पेरायचा आहे. चर्चच्या दाराशी लावलेल्या यादीत बावीस रकाने आहेत. काल संध्याकाळपर्यंत सोळा भरले होते.