बंदी घातलेली कीटकनाशके जमिनीतले जिवाणू संपवतात का?

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तुरीवर फवारणी सुरू झाली की अनेक घरांत प्रश्न पडतो: शेतातल्या विहिरीचे पाणी प्यावे का? "जुनी विषारी औषधे तर बंद झाली, उरलेली माती जिरवते," असेही ऐकू येते. हे अर्धेच खरे आहे.

बंदी कशावर आली?
बीएचसी पावडरीवर १९९७ मध्ये, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०११ मध्ये आणि लिंडेनच्या वापरावर मार्च २०१३ पासून बंदी आली. लिंडेन पूर्वी खरजेवरही लावत. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोगकारक ठरवले. या रसायनांत क्लोरीन घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे ती सहज मोडत नाहीत.

जिवाणू काय करतात?
पाणी साचलेल्या मातीत, खोल गाळात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू आपण प्राणवायू वापरतो तसे क्लोरीनयुक्त रसायन श्वसनासाठी वापरतात आणि त्यातला क्लोरीन एकेक करून काढतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अशा एका जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. तो कारखान्यांतील क्लोरीनयुक्त द्रावकांचे रूपांतर शेवटी निरुपद्रवी इथिलीनमध्ये करतो.

मग धोका कुठे?
काम मध्येच थांबले तर त्या द्रावकांपासून व्हिनाइल क्लोराइड उरते. लिंडेन मोडताना बेंझीन तयार होऊ शकते. ही दोन्हीही कर्करोगकारक आहेत. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या थरात हवा शिरते आणि तिथे या जिवाणूंचे काम थांबते. म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका.

घरी काय कराल?
- पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण कीटकनाशक जाईलच असे नाही.
- नेहमीच्या पाणी तपासणीत कीटकनाशके धरलेली नसतात. प्रयोगशाळेत त्यांची तपासणी वेगळी मागा.
- औषधाचे रिकामे डबे पाणी किंवा धान्यासाठी वापरू नका. फवारणी पंप विहिरीजवळ धुऊ नका.
- घरात जुनी पावडर सापडली तर ती पुरू नका, विहिरीत किंवा नाल्यात टाकू नका. कृषी कार्यालयात विचारा.
- विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे थांबवू नका. त्यातला क्लोरीन जंतू मारतो. ते कीटकनाशक नव्हे.
- फवारणीनंतर मळमळ, खूप घाम, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे असे काही झाले, तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊन लगेच रुग्णालयात जा.